मागच्या चाकाचा आऊट

तुटलेल्या तारेचा तो तुकडा, पेराएवढा आणि एका टोकाला आकड्यासारखा वाकलेला, तिने तळहातावर घेऊन खिडकीकडे धरला तेव्हा तुटलेल्या जागेचे दोन रंग दिसले. अर्धी जागा काळपट, गंज चढलेली, अर्धी लखलखीत. म्हणजे तार एका दिवसात तुटली नव्हती. आधी बारीक चीर गेली असणार, कधीतरी ऑगस्टमध्ये, आणि मग ती रोज थोडी थोडी उघडत गेली असणार – वरून काही दिसत नव्हतं, चाक फिरत होतं, लुप्पोकाका त्यावर बसून रोज सकाळी कालव्याच्या कडेने जात-येत होते... आणि मंगळवारी केव्हातरी, कुठेतरी, टिंग्.

ही चौथी. दोन महिन्यांत चौथी तार.

वेम्केने तुकडा टेबलावरच्या बशीत टाकला. पहिल्या तीन वेळा तिने तुटलेली तार काढून नवी घातली होती, चाकाचा आऊट, म्हणजे डावी-उजवीकडचं डोलणं, काढला होता आणि काकांना इकडच्या रीतीने 'मोय' म्हणत फोन केला होता – मोय काका, झालंय, या घेऊन जायला. ते पुरेसं नव्हतं हे तिला तेव्हाही माहीत होतं. एक तार तुटते तेव्हा दोष बहुधा त्या तारेचा नसतो. बाकीच्या पस्तीस जणींपैकी कुणीतरी अंग काढून घेतलेलं असतं आणि त्यांचा भार या एकीवर आलेला असतो. मशीनवर बांधलेलं चाक, मधोमध ताटलीएवढा मोटारीचा हब, त्यामुळे तारा आखूड, तिरक्या, आणि वर काकांचं शंभर किलोंचं अंग. सगळ्या सैल करून पहिल्यापासून ओढायला हव्या होत्या. अर्ध्या दिवसाचं काम. ते तिने आज काढलं, आणि नेमका आजच, सकाळी आठला, दुकानाचं दार उघडायच्या आधी आलिदाचा फोन आला.

आलिदा ही लुप्पोकाकांची मुलगी. ग्रोनिंगनला शाळेत शिकवते. लहानपणी ती आणि वेम्के एका बाकावर बसायच्या.

"अगं, तू त्यांना सांग ना होणार नाही म्हणून."

"काय होणार नाही?"

"सायकल. चाक म्हण, मोटार म्हण, तुला काय ते शब्द माहीत. माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. मंगळवारी पोलिसांनी घरी आणून सोडलं त्यांना, ठाऊक आहे का तुला? टेन बूरच्या अलीकडे कालव्याच्या काठावर बसले होते, चिखलात. आज वार कोणता विचारलं तर सांगता येईना."

"लागलं का कुठे?"

"या वेळी नाही लागलं." मग आलिदा आवाज खाली आणून म्हणाली होती, "तू तुझ्या बाबांच्या वेळी केलंस ना, तसंच कर. किती मायेने केलंस गं. कुणाला दुखावलं नाहीस."

वेम्के म्हणाली होती, "बघते."

बघते... आता स्टँडवर चाक चढवताना, मोटारीची वायर पिळली जाऊ नये म्हणून ती आसाभोवती नीट गुंडाळून चिकटपट्टीने बांधताना, तिला तो शब्द पुन्हा ऐकू आला. ना हो, ना नाही, बघते. आयुष्यभर मी हेच म्हणत आले आहे. आणि त्याहून मागे, कुठेतरी कानशिलाच्या आत, दुसरी गोष्ट टोचत होती – आलिदाला माहीत होतं. सहा वर्षं मला वाटत होतं ते फक्त मला माहीत आहे.

व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरुवात करायची. पहिल्या तारेच्या निपलवर, रिमपाशी तार आवळणाऱ्या त्या बारीक नटावर, चावी बसवायची, अर्धा फेरा सैल, पुढची, अर्धा फेरा, पुढची. छत्तीस झाल्या की पुन्हा भोकापाशी यायचं, पुन्हा अर्धा फेरा. घाईने एकच तार पूर्ण सैल केली तर रिम तिथे बाहेर झुकते आणि मग दिवसभर ती मूळ जागेवर येत नाही. हे तिला बाबांनी शिकवलं होतं. हे दुकान बाबांचं. हार्को सायकलवाला म्हणून अपिंगेडाममध्ये, या छोट्या डच गावात, कुणालाही विचारा. ती अकरा वर्षांची असताना त्यांनी तिच्या हातात चावी दिली होती आणि स्वतः पाठ करून खिडकीपाशी उभे राहिले होते. ती मोठ्याने फेरे मोजत होती तेव्हा पाठमोरेच म्हणाले होते, "मोजू नकोस. ऐक." मग वळून त्यांनी अंगठ्याच्या नखाने एक तार छेडली, तिच्या शेजारची छेडली. एक आवाज बसका, एक चढा. "ही आळशी आहे. हिला उठव."

त्यांचं ते नख... उजव्या अंगठ्याचं, मुद्दाम वाढवलेलं, कडेला काळं. आई ओरडायची त्या नखावरून. शेवटी शेवटी, वृद्धाश्रमातल्या नर्सने ते कापून टाकलं होतं, आणि वेम्के भेटायला गेली तेव्हा बाबा अंगठा वर करून दाखवत होते, लहान मुलाने लागलेलं दाखवावं तसा.

तिने चावी खाली ठेवली. मग पुन्हा उचलली.

ते असं झालं होतं. बाबा अठ्ठ्याहत्तरचे असताना त्यांची आठवण झिरपायला लागली. एकदम नाही, चीर जशी उघडते तसं. आधी नावं गेली. मग एकदा ते भर दुपारी डेल्फझाइलच्या बंदरावर सापडले, मग एकदा चर्चच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या गाडीवर जाऊन आदळले आणि खांदा निखळला. खांदा बरा झाल्यावर ते पुन्हा सायकल काढायला आले. त्यांची सायकलही इलेक्ट्रिकच होती, तिनेच गुडघ्यांसाठी घ्यायला लावलेली. तिने आदल्या दिवशी बॅटरी काढून घेतली होती. एवढंच. बॅटरी काढून घेतली आणि म्हणाली, बिघडलीय, पार्ट मागवलाय, यायचाय. ते सायकलपाशी उकिडवे बसले, मोटारीवरून हात फिरवला, तारा छेडल्या – छत्तीसच्या छत्तीस – आणि म्हणाले, "चाक तर छान आहे गं." तेव्हा ती म्हणाली होती... हे वाक्य तिला कधीच सांगता आलं नव्हतं कुणाला, नवऱ्यालाही नाही... ती म्हणाली होती, "हे इलेक्ट्रिकचं आहे बाबा. तुम्हाला नाही कळायचं."

त्या माणसाला. ज्याने मला चाक ऐकायला शिकवलं त्या माणसाला.

आणि मग रोज सकाळी दहाला ते चालत यायचे, टोपी हातात घ्यायचे आणि विचारायचे, "आला का तो पार्ट?" ती म्हणायची, नाही अजून. मग ते कॉफी प्यायचे, एक बिस्किट खायचे, स्टँडवर जे चाक असेल त्याच्या तारा नखाने छेडत बसायचे आणि अकराला निघून जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा टोपी हातात. मार्च गेला, उन्हाळा गेला, सप्टेंबर गेला. तिला वाटायचं रोज विसरतात म्हणून रोज विचारतात. काही दिवशी ते विचारत असताना ती वर बघायचीही नाही; काही दिवशी दहा वाजायला आले की ती घड्याळाकडे बघणं टाळायची. नोव्हेंबरमध्ये एका सकाळी ते आले नाहीत, आणि तिला – हेही सांगण्यासारखं नाही – हायसं वाटलं होतं. मग वृद्धाश्रम, आणि मग ते गेलेच.

आता सगळ्या तारा सैल झाल्या होत्या. चाक फिरवलं तर ते मरगळल्यासारखं डावी-उजवीकडे डोलत होतं. तिने निपलांच्या आट्यांना तेलाचा एकेक थेंब दिला, तुटलेल्या तारेच्या जागी नवी ओवली, आणि उलट दिशेने ओढायला सुरुवात केली. अर्धा फेरा, अर्धा फेरा, मग पाव. आधी उचल काढायची, म्हणजे रिम जिथे वर उडते तिथल्या समोरासमोरच्या दोघींना जरा आवळायचं, मग आऊट. स्टँडच्या काट्याला रिम उजवीकडून घासली तर डाव्या बाजूची तार पाव फेरा घट्ट, उजवीची पाव फेरा सैल. पुन्हा फिरव. बाहेर वाऱ्याने समोरच्या दुकानाची पाटी कुरकुरत होती. बीट काढणीचे दिवस. रस्त्यावर ट्रॅक्टरच्या टायरांनी आणलेल्या चिखलाचे पट्टे पडले होते, आणि त्यावरून जाणारी माणसं सायकल जपून हाकत होती.

कशाला करते आहे मी हे? असा प्रश्न तिला पडला तेव्हा तिसरी फेरी चालू होती. जर मी त्यांना होणार नाही असंच सांगणार असेन, तर हे चाक कुणासाठी? टेबलाच्या कडेला पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांची माळ लटकत होती, प्रत्येक सायकलला एक. तिने एक ओढली, पेन घेतलं. 'रिमला तडा' – एवढे दोन शब्द पुरे होते. असं चाक आता येत नाही काका. नवी सायकल घेण्यात अर्थ नाही या वयात. ते मान हलवतील. रागावणार नाहीत. त्यांना रिममधलं काय कळतंय. आयुष्यभर त्यांनी बोटींसाठी पूल उघडला आणि मिटला, कालव्यावरचा तो एकच पूल, हाताने, चाळीस वर्षं, नंतर बटणाने, आणि नंतर ते बटण दूरच्या कुठल्यातरी खोलीत गेलं, जिथून एकजण पडद्यावर बघून सात पूल चालवतो. काकांना तिथे कुणी नेलं नाही.

तिने चिठ्ठीवर लिहिलं, 'लुप्पो'. पुढे काही लिहिलं नाही.

दारावरची घंटी वाजली तेव्हा अकराला दहा कमी होते.

"मोय," लुप्पोकाका म्हणाले. निळी टोपी, वाऱ्याने लाल झालेले कान. चालत आले होते, धापा लागल्या होत्या. "आज चाक मिळेल का?"

"बसा आधी. मी शुक्रवारी या म्हणाले होते."

"आज कोणता वार?"

"गुरुवार."

"मग एक दिवस लवकर आलो. उशिरा आलो असतो तर बोलली असतीस." ते बाबांच्या स्टुलावर बसले, त्या स्टुलाला तेच नाव होतं, अजूनही. तिने थर्मासमधून कॉफी ओतली, बशीत एक बिस्किट ठेवलं. काकांनी बिस्किट कॉफीत बुडवलं आणि ते कपातच मोडून पडलं, तेव्हा चमच्याने शोधत म्हणाले, "बुडालं जहाज."

ती हसली. मग पुन्हा चावी उचलून चाकाकडे वळली, कारण चाकाकडे बघत बोलणं तिला सोपं जायचं.

"मंगळवारी काय झालं काका?"

"काय व्हायचंय? एक जुनी शिडाची बोट चालली होती ग्रोनिंगनला, हिवाळ्यासाठी. नवराबायको, तरुण. त्यांना एकही पूल माहीत नाही! त्या दूरच्या माणसाला फोन लावतात, तो म्हणतो थांबा, हे थांबतात, वाऱ्याने बोट आडवी. म्हटलं चला, काठाकाठाने जातो, सांगत जातो. कुठे वेग कमी करायचा, कुठे बांधायची. टेन बूरच्या अलीकडे बॅटरी संपली. आणि तेवढ्यात ही तार. अठ्ठावीस किलोंची सायकल ढकलत येऊ का मी? म्हणून बसलो. कुणीतरी पोलीस बोलावले. पोलीस म्हणजे कोण, हनुवटीवर दाढी नाही अजून. मला म्हणतो, आजोबा, आज वार कोणता?"

"मग?"

"मग काय. मी चाळीस वर्षं प्रत्येक बोटीचं नाव, वेळ, वार वहीत लिहिलाय. म्हटलं, तुला माहीत नसेल तर घरी जाऊन आईला विचार. तर त्याने लिहून घेतलं, सांगता येत नाही." ते कपात बघत राहिले. "खरं सांगू? त्या क्षणी मलाही नक्की नव्हतं. बुधवार वाटत होता. पण ते त्याला कशाला सांगू मी?"

चावी तिच्या हातात तशीच थांबली. 'खरं सांगू' म्हटल्यावर माणूस इतकं खरं सांगेल अशी तिची अपेक्षा नव्हती.

"आलिदाने फोन केला का तुला?" काकांनी विचारलं.

"केला. सकाळी."

"होणार नाही असं सांग म्हणाली असेल." ते हलकेच हसले, त्यात काही डंख नव्हता. "मग काय ठरवलंस? पार्ट यायचाय का?"

पार्ट... कानांत रक्त चढल्याचं तिला जाणवलं. तिने चाक फिरवलं, ते फिरत राहिलं, काट्याला कुठेच घासलं नाही.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? हार्कोनेच. तुझ्याकडून निघाला की यायचा ना माझ्याकडे, पुलाजवळच्या बाकावर. म्हणायचा, पोरीने बॅटरी काढून कपाटात ठेवलीय, वरच्या फळीवर, रंगाच्या डब्यांमागे. मी म्हटलं, मग घे की काढून, ती गिऱ्हाइकापाशी गेली की. तर म्हणाला, नको, स्टुलावर चढलो तर पडेन." काका खांदे हलवून हसायला लागले. "पडेन म्हणे! चर्चच्या कोपऱ्यावर गाडीवर जाऊन आदळला तेव्हा नव्हती भीती, स्टुलाची भीती!"

रंगाच्या डब्यांमागे. हो. तिथेच होती. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आलिदाला तर नाहीच... मग आलिदाला कळलं ते यांच्याकडूनच.

"मग ते रोज विचारायला का यायचे?" तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला, जरा बारीक झालेला. "माहीत होतं तर रोज का विचारायचे?"

"ते मी नाही विचारलं. असलं विचारत नव्हतो आम्ही एकमेकांना." काकांनी कपातला शेवटचा लगदा चमच्याने खाल्ला. "सकाळी कुठेतरी जावं लागतं माणसाला."

ती उठून खिडकीपाशी गेली. काहीतरी करायचं म्हणून काच पुसली, पुसायची गरज नव्हती. म्हणजे रोज सकाळी दहाला, टोपी हातात घेऊन, ते जे विचारत होते ते... काय होतं? थट्टा? शिक्षा? की मला वेळ देत होते, आज सांगेल, उद्या सांगेल? मी सांगितलं असतं तर? आणि ती मान खाली घालून नाही अजून म्हणायची, ते ऐकून ते कॉफी प्यायचे, आणि दोघांच्या डोक्यावर, वरच्या फळीवर, रंगाच्या डब्यांमागे ती बॅटरी. दोघांनाही माहीत. सात-आठ महिने आम्ही दोघं एकाच खोलीत बसून...

मागून काकांचा आवाज आला. "गेर्दा बरी आहे ना?"

गेर्दा हे तिच्या आईचं नाव.

वेम्के काच पुसायची थांबली. उत्तर तोंडात तयार होतं, बरी आहे. सोपं होतं. कुणाला दुखावणारं नव्हतं. आणि त्याच्याबरोबर एक थंड विचार मनात आला: काका आत्ता जे म्हणाले, तेही असंच विसरण्यातलं असलं तर? बाबा, बाक, स्टूल, सगळंच... पण रंगाचे डबे. रंगाचे डबे तर खरे होते.

ती वळली. "काका, आईला जाऊन अकरा वर्षं झाली."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एकदा मिटला आणि पुन्हा उघडला. "हो," ते म्हणाले. "हो हो. मी होतो की त्या दिवशी. पाऊस होता." मग बराच वेळ ते टोपीची कड बोटांनी दाबत राहिले. "होतं असं कधीकधी. आलिदाला सांगू नकोस... नाही, सांग. तिला काय, माहीतच आहे."

ती पुन्हा चाकापाशी बसली. शेवटचं काम उरलं होतं: समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून दाबायच्या, जोराने, म्हणजे जिथे त्यांनी खोटाच पीळ धरून ठेवला असेल तो सुटतो. टक्, टक्, टक् असे बारीक आवाज येत राहिले, गोठलेल्या तळ्यावर पहिलं पाऊल टाकल्यासारखे. काका कान देऊन ऐकत होते. मग तिने नखाने छेडायला सुरुवात केली, उजव्या बाजूच्या अठरा, मग डाव्या बाजूच्या अठरा. उजव्या थोड्या चढ्या, डाव्या थोड्या उतरत्या, पण आपापल्या बाजूला सगळ्या एका आवाजात. एक सोडून. तिला पाव फेऱ्याचाही पाव दिला.

"आज चाक मिळेल का?" काकांनी विचारलं.

तेच वाक्य, त्याच सुरात, जणू आत्ताच दारातून आत आले होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते उत्तराची वाट बघत होते, सरळ, विनवणी न करता.

"मिळेल," ती म्हणाली. "चाक चांगलं आहे. हे आता तुटायचं नाही. पण मी बरोबर येते."

"पहारा?"

"नव्याने ओढलेल्या तारा पहिल्या चार-पाच किलोमीटरमध्ये बसतात. मग एकदा आऊट बघावा लागतो."

"हे खरं, की आलिदाचं?"

"हे खरं. आणि दुसरंही खरं आहे. तुम्ही कशी चालवता ते मला बघायचंय. ती उद्या मला विचारणार आहे. मी तिला खोटं सांगणार नाही, आणि तुम्हालाही नाही."

काकांनी टोपी डोक्यावर घातली, मग काढली, मग पुन्हा घातली. "आणि वाईट चालवली तर?"

"तर वाईट चालवली असं सांगेन."

"तोंडावर?"

"तोंडावर."

"तुझ्या बापापेक्षा तू जास्त आहेस," ते म्हणाले. ते कौतुक होतं की टोमणा, हे कळायला तिला मार्ग नव्हता.

तिने चाक सायकलला बसवलं, साखळी चढवली, आसाचे दोन्ही नट आवळले, मोटारीची वायर जोडली, प्लगवरचे दोन बाण समोरासमोर आणून. दारावर 'परत येते'ची पाटी उलटी केली आणि स्वतःची सायकल काढली. काकांनी जुन्या पद्धतीने, डावा पाय पायडलवर ठेवून उजव्याने जमीन ढकलत, दोन-तीन ढांगांत वेग घेतला आणि मग पाय पलीकडे टाकला. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस. तिने श्वास रोखून धरला होता, तो सोडला.

गावाबाहेर पडेपर्यंत ती त्यांच्या मागच्या चाकाकडे बघत होती. रिम सरळ धावत होती. वळणावर त्यांनी हात बाहेर काढला, योग्य बाजूला, जरा उशिरा. एकदा ते रस्त्याच्या मध्याकडे सरकत गेले आणि मागून गाडी आली तेव्हा न बघताच कडेला आले – ऐकलं म्हणून, की सवयीने? चौकात बिटांनी भरलेला ट्रेलर येत होता, तेव्हा ते वेळेवर थांबले, पाय टेकला. ट्रेलर गेला. रस्ता मोकळा झाला. ते उभेच. ट्रेलर गेला त्या दिशेने बघत उभे. तिने मनात मोजलं... सात, आठ, नऊ...

"काका?"

"बिटं बारीक आहेत यंदा," ते म्हणाले, आणि निघाले.

हे कुठे मांडायचं? चांगल्याच्या बाजूला की वाईटाच्या? आलिदा विचारेल तेव्हा ती काय सांगणार होती: वेळेवर थांबले, पण वेळेवर निघाले नाहीत? तिला माहीत नव्हतं. पुढेही बहुधा माहीत होणार नव्हतं, आज नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. पुन्हा पुन्हा यावं लागेल, बघावं लागेल, आणि एके दिवशी तोंडावर सांगावं लागेल, आणि तो दिवस कोणता हे सांगणारा काटा कुठल्याच स्टँडला नसतो. आश्चर्य म्हणजे या विचाराची तिला भीती वाटली नाही.

पुढे रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना नांगरलेली ओली शेतं, आणि वारा समोरून. काकांची मोटार बारीक घूं घूं करत होती. तिच्या सायकलला मोटार नव्हती, तिला उठून पायडल मारावं लागत होतं. शेतात उतरलेले हंस, शेकडो, सगळे वाऱ्याकडे तोंड करून बसलेले, त्यांच्या जाण्याने एकही उडाला नाही. आणि तिथे, श्वास कमी पडत असताना, तिला जाणवलं की तिच्या छातीत जे दाटून आलं आहे ते रडू नाही. सहा वर्षं ती ज्याला अपराध म्हणत आली होती तेही नाही. तो राग होता. बाबांवरचा. साधा, गरम, घरगुती राग, जेवायला बोलावूनही न येणाऱ्या माणसावर येतो तसा. तुम्हाला माहीत होतं! माहीत होतं आणि बोलला नाहीत! मला रोज खोटं बोलायला लावलंत, रोज, टोपी हातात घेऊन, आणि बाहेर जाऊन बाकावर हसलात... मेलेल्या माणसावर असं रागावता येतं हे तिला ठाऊकच नव्हतं. ती भांडत होती, मनातल्या मनात, पूर्ण वाक्यांत, आणि बाबा नेहमीसारखे पाठ करून उभे होते, पण ऐकत होते.

"मागे राहिलीस की गं पोरी!" पुढून काका ओरडले.

"वारा आहे," ती ओरडून म्हणाली, आणि अजून जोर लावला.